हाक मारायचं नाव

हिल्डा, काल तुझ्या नावाने मेल आली. 'डिअर हिल्डा' अशीच सुरुवात. तुला जाऊन अजून महिना झाला नाही, आणि इंग्लंडमधल्या त्या दप्तरखान्यातल्या बाईंना ही बातमी कोणी कळवलेलीच नव्हती. मला मेल दिसली, कारण तू मूळ पत्रात मलाही घातलं होतंस, न विचारता. "असू दे, साक्षीदार लागतो," म्हणाली होतीस. मी तेव्हा चांगलीच तडकले होते.

त्यांनी काय उत्तर दिलं ते सांगणार आहे, पण लगेच नाही. जुना दस्त वाचताना तू मला एकदाही शेवटच्या ओळीवर उडी मारू दिली नाहीस. "वरून खाली यायचं, पुणेकर. जिना आहे तो, घसरगुंडी नाही," असं म्हणून माझ्या हातातला माउस काढून घ्यायचीस. तर आता तूही वरून खाली ये.

तुझी खुर्ची अजून रिकामी आहे. वर एसीच्या झडपेला तू चिकटवलेला बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठाही तसाच आहे. मेंटेनन्सवाला तो काढायला आला होता, त्याला मी हाकलून दिलं. त्या पुठ्ठ्यामुळे सगळी गार हवा आता माझ्या मानेवर येते. तू असताना ती कुठे जायची कोण जाणे.

मी दुबईतल्या कुसैसमधल्या या ऑफिसात आले तेव्हा मला वाटलं होतं, चार महिने काढू आणि दुसरं काहीतरी बघू. जगभरचे कागद कॉम्प्युटरात भरून द्यायचा हा कारखाना. बँकांचे फॉर्म, फुजैराच्या बंदरातल्या जहाजांची बिलं, कोणाकोणाचे विमे. मग एक दिवस इंग्लंडच्या त्या दप्तरखान्याकडून ही खरेदीखतं आली. कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांची, जुन्या वळणदार इंग्रजी अक्षरातली. मळा कोणी विकला, कोणी घेतला, चतुःसीमा काय, ते वाचून रकाने भरायचे, म्हणजे तिकडे कोणाला शोधायचं असेल तर सापडेल. आणि मळ्याबरोबर विकलेली माणसं. त्यांचीही नावं, अंदाजे वयं, कामं. यादीत खेचरांच्या खाली आणि तांब्याच्या कढयांच्या वर.

रियाझभाईंनी, आपल्या मॅनेजरनी, मला तुझ्याशेजारी बसवलं. तू मुंबईत कायद्याची पुस्तकं छापणाऱ्या प्रेसमध्ये मुद्रितं तपासायचीस, आणि तिथली पद्धत तू दुबईत जशीच्या तशी आणली होतीस. एकीने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं, दुसरीने पडद्यावर टाइप केलेलं बघायचं, आणि ओळ जुळली की 'बरोबर' म्हणायचं. तू वाचायचीस, मी 'बरोबर' म्हणायचे. सगळं ऑफिस हेडफोन लावून मुकाट टाइप करत असताना आपण दोघी मुंजीत मंत्र म्हणावेत तशा घोकत बसलेल्या. बाकीच्यांनी तक्रार केली तेव्हा रियाझभाईंनी आपल्याला पँट्रीशेजारची खोली दिली. शिक्षा म्हणून दिली, पण चहा हाताशी आला. त्या दिवसाइतकी खूश मी तुला नंतर कधी पाहिली नाही.

सुरुवातीला मला ते वेडेपण वाटायचं. डोळ्यांनी वाचून होतंय की. पण डोळे घाई करतात, तोंडाला घाई करता येत नाही, हे तुझं म्हणणं पहिल्याच आठवड्यात खरं ठरलं. एका दस्तात 'लंडन' आणि 'ब्रिस्टल' असे दोन शब्द होते. मी ते जागेच्या रकान्यात टाकून मोकळी झाले. तू वाचत होतीस, "लंडन, पिंपं बनवणारा. ब्रिस्टल, उजवा पाय अधू." आणि थांबलीस. मीही 'बरोबर' म्हणायची थांबले. लंडन नावाचा माणूस होता. कोणीतरी त्याचं नाव आपल्या आवडत्या शहरावरून ठेवलं होतं, आपण कुत्र्याचं ठेवतो तसं. तू माउस घेतलास आणि त्या दोघांना उचलून माणसांच्या रकान्यात आणून बसवलंस.

त्याच दस्तात पुढे ते वाक्य होतं. सदर स्त्रिया, आणि यापुढे त्यांना होणारी सर्व संतती. तू वाचलंस, मग परत वाचलंस. "बघ गं, मी चुकीचं वाचत नाहीये ना?" चुकीचं नव्हतं. तू उठून पँट्रीत गेलीस आणि धुतलेलेच मग परत धुवायला घेतलेस. मी मागोमाग आले तेव्हा नळाकडे बघतच म्हणालीस, "जन्माला यायच्या आधी विकलं गं त्यांना." नंतर ते वाक्य जवळपास प्रत्येक दस्तात यायचं. मला सवय झाली. तू मात्र दर वेळी त्याच्या आधी चष्मा काढून पुसायचीस आणि मग वाचायचीस.

संध्याकाळी आपण कारलिफ्टने, महिन्याच्या ठरलेल्या गाडीने, डिस्कव्हरी गार्डन्सला घरी परतत होतो. तो पठाण ड्रायव्हर आपल्या तंद्रीत, मागे आपण दोघी. मला काहीतरी हुशारीचं बोलायचं होतं. मी म्हटलं, "आपण तरी काय वेगळ्या आहोत? आपणही कोणाच्या तरी व्हिसावरच आहोत." तुला इतकी चिडलेली मी पहिल्यांदाच पाहिलं.

"बाय, तू गणपतीला रजा टाकून पुण्याला गेली होतीस ना? परत आलीस ना? पोरगी तुझ्याजवळ आहे ना? मग बरोबरी करू नकोस. दुःख सगळ्यांना असतं, पण हे त्यातलं नाही."

मी खिडकीबाहेर बघत बसले. घर आलं तेव्हा तूच मला कोपराने ढोसलंस आणि पिशवीतून सुकेळी काढून दिलीस. वसईहून बहिणीने पाठवलेली, केळीच्या पानात बांधलेली. तुझं भांडण असं असायचं, त्याच्या शेवटी काहीतरी खायला मिळायचं.

वसईच्या वाडीबद्दल तू कमी बोलायचीस. केळीच्या बागा, पानवेली, रहाट नसलेली विहीर. चतुःसीमा वाचताना मात्र तुला राहवायचं नाही. पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचा मळा, असं आलं की म्हणायचीस, "आमच्याकडे पण असंच. सातबाऱ्यावर विहीर आहे, आंबा आहे, तिन्ही भाऊ आहेत. मी नाही." मी हळहळायला लागले की लगेच हात झटकायचीस. "अगं, हक्कसोड मीच सही करून दिली, कोणी धरून नाही नेलं. तुला सांगितलं ते गंमत म्हणून." गंमत नव्हती ते आपल्या दोघींनाही माहीत होतं. पण त्या बायकांच्या शेजारी स्वतःला बसवायला तू कधीच तयार झाली नाहीस. मी असते तर लगेच बसले असते, खरं सांगते.

आणि मग व्हीनस आली.

एका दस्तात, बायकांच्या नावांमध्ये, एका कारकुनाने थोडं जास्त लिहिलं होतं. 'व्हीनस, जिला इतर फिबा म्हणतात.' वय अंदाजे तीस, शेतकाम. क्लाएंटने दिलेल्या सूचनांमध्ये लिहिलं होतं की फिबा म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या काही लोकांमध्ये शुक्रवारी जन्मलेल्या मुलीला ठेवायचं नाव. आणि त्याच सूचनांमध्ये, पुढच्याच पानावर, नावाचा रकाना एकच, पहिलं नाव घ्यावं, बाकीचं सोडावं.

मी व्हीनस घेतलं आणि 'पुढे' म्हणाले. तू पुढे गेली नाहीस.

"फिबा कुठे गेली?"

"रकाना एकच आहे, हिल्डा."

"मग शेऱ्यात टाक."

शेऱ्याचा रकाना फाटक्या, डागाळलेल्या कागदांची नोंद करण्यासाठी होता. मी टाकलं. पुढच्या महिन्यात तू अशी दुसरी नावं शोधून शोधून शेऱ्यात भरू लागलीस, आणि मीही 'बरोबर' म्हणत राहिले. मग ऑडिट आलं. शेऱ्यातली प्रत्येक जादा नोंद चूक म्हणून धरली गेली आणि आपल्या टीमची अचूकता सगळ्या ऑफिसात तळाला गेली. तुझी! जिने आयुष्यात कानामात्रेची चूक केली नाही तिची! मला हसू येत होतं, तुला येत नव्हतं.

रियाझभाईंनी आपल्याला केबिनमध्ये बोलावलं. हैदराबादी माणूस, ओरडणं त्याच्या स्वभावातच नाही. समजावल्यासारखं बोलायला लागला.

"मैडम, क्लाइंट ने एक नाम माँगा है. हम एक नाम देंगे. खलास."

"रियाझभाई, आपको घर में क्या बुलाते हैं?"

"वो अलग बात है."

"वही बात है."

"हिल्डा मैडम, हबीबी, प्लीज. ऐसे ही चला तो मुझे आपको बैंक के फॉर्म पे डालना पड़ेगा. मेरे हाथ में नहीं है."

बँकेचे फॉर्म म्हणजे काय ते तुला माहीत होतं. तिथे मोठ्याने वाचायला काही नसतं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, सोड आता. तू म्हणालीस, "सोडते." आणि त्याच दुपारी थेट दप्तरखान्याला मेल लिहायला बसलीस, मॅनेजरच्या डोक्यावरून, मला साक्षीदार करून. मागणी एकच होती. दुसऱ्या नावासाठी एक वेगळा रकाना द्या. नावं आम्ही जपून ठेवली आहेत.

त्या शुक्रवारी अर्ध्या दिवसाची सुटी. तू माझ्याकडे जेवायला आलीस, आणि तिथे आपलं ते भांडण झालं. माझ्या डोक्यात मेलचा राग होता, त्यामुळे मी सगळे मुद्दे काढले. मी म्हटलं, तू त्या 'फिबा'त माया बघतेस, पण ते नाव मायेने लिहिलेलं नाहीये. ते ओळख पटावी म्हणून लिहिलंय. बाई पळून गेली तर शोधताना उपयोगी पडावं म्हणून. पोलीस गुन्हेगाराची टोपणनावं लिहितात तसं. तू त्या कारकुनाचंच काम पुरं करते आहेस. शेवटी ते नाव मालकाच्याच कागदावर आहे!

तू आमटीचा भुरका मारलास. मला वाटलं, जिंकले. मग तू म्हणालीस, "असेल. पकडायलाच लिहिलं असेल त्याने. पण त्याच्या कानावर आलं कुठून?"

"म्हणजे?"

"तो काय तिच्या आईला विचारायला गेला होता? तो मळ्यावर उभा होता, हातात कागद घेऊन. आणि कोणीतरी तिला हाक मारत होतं. त्याने ऐकली म्हणून लिहिली. हाक मारणारं माणूस होतं गं तिला."

"हे तू बनवतेस. कागदावर नाही हे."

"'इतर म्हणतात' लिहिलंय. इतर म्हणजे कोण? मालक?"

आवाज इतके चढले की ईरा तिच्या खोलीतून बाहेर आली. माझी लेक, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी. तिने दाराशी उभं राहून विचारलं, "बट व्हिच वन इज हर रिअल नेम?" तू तिच्याकडे वळून म्हणालीस, "ज्या नावाने मागून हाक आली की ती वळून बघेल, ते." ईराने खांदे उडवले आणि तुझ्या ताटातला पापड पळवला. मी म्हटलं, हे उत्तर नव्हे, हे वाक्य झालं. तू म्हणालीस, उरलेलं भांडण सोमवारी कारलिफ्टमध्ये.

सोमवारी कारलिफ्ट खाली उभी राहिली आणि तू उतरली नाहीस. ड्रायव्हरने हॉर्न दिला. तू उशीर करणारी बाई नव्हतीस. मी तुझ्या बिल्डिंगकडे चालत निघाले तेव्हा भांडायचे मुद्देच मनात जुळवत होते. वॉचमनने दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, झोपेत गेल्या, हृदय. तुझ्या उशाशी चष्मा नीट घडी करून ठेवलेला होता.

त्यानंतरचे दिवस सगळे कागदांचे. हॉस्पिटल, पोलीस, वकिलात, एअरलाइनचं कार्गो ऑफिस. प्रत्येक खिडकीवर तुझं पासपोर्टवरचं लांबलचक नाव, वडिलांच्या नावासकट. मी ते इतक्यांदा सांगितलं की शेवटी ते मला दुसऱ्याच कोणाचं तरी वाटायला लागलं. रियाझभाई सगळीकडे माझ्याबरोबर. अरबीत तेच बोलायचे, रांगेत तेच उभे राहायचे. मी म्हटलं, तुम्ही ऑफिसला जा, तर म्हणाले, "हिल्डा मैडम का काम है, अपना काम है." ज्यांच्या डोक्यावरून तू मेल टाकलीस तेच रियाझभाई. त्यांना ती मेल एव्हाना कळलेली होती. त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. तुझ्या वतीने त्यांचे आभार मी मानलेत, तू काळजी करू नकोस.

तुला वसईला पाठवलं. मला सुटी मिळेना, ईराची परीक्षा होती, आणि खरं म्हणजे मला यायचं धैर्य नव्हतं. तुझ्या बहिणीने, लीनाने, कोणाच्या तरी हातात फोन देऊन व्हिडिओ लावला. मी आपल्या वाचायच्या खोलीत दार लावून बसले. फोन धरणाऱ्याचा हात हलत होता. लोकांच्या पाठी दिसत होत्या, फादरांचा पांढरा झगा, थोडं आभाळ, परत पाठी. पेटी खाली सोडायला घेतली आणि लीनाचा आवाज आला, एकदम जोरात, "चिमे! चिमे, अगं थांब गं!"

मला वाटलं, एखादी छोटी मुलगी खड्ड्याच्या अगदी कडेला गेलीय. मी पडद्यावर तिला शोधायला लागले. लोकांच्या पायांमध्ये, पाठींच्या फटींतून. कोणी तिला धरत कसं नाही? लीना परत म्हणाली, चिमे. आणि मग माझ्या लक्षात आलं की तिथे मुलगी नाहीच आहे.

ती तुला हाक मारत होती.

तू! दारातून वाकून येणारी, बसमध्ये कोणाचीही बॅग वरून काढून देणारी तू, चिमी! नंतर फोनवर लीनाने सांगितलं. तू आठव्या महिन्यात झालीस, ओंजळीत मावशील एवढी. आईने चिमी म्हटलं आणि मग तू कितीही उंच झालीस तरी ते बदललं नाही. आई गेल्यावर त्या नावाने हाक मारणारी एकटी लीना उरली. "बाहेर कोणाला सांगितलेलं तिला बिलकूल आवडायचं नाही," लीना म्हणाली. "मी एकदा तिच्या प्रेसमध्ये फोन करून चिमी आहे का विचारलं, तर घरी येऊन माझ्याशी महिनाभर बोलली नाही."

मी फोन ठेवला आणि त्या खोलीत एकटीच हसले, आणि मग रडले. हिल्डा, इतकी वर्षं आपण शेजारी बसलो. तू सगळ्या जगाची दुसरी नावं शोधून काढलीस आणि स्वतःचं माझ्यासमोर एकदा काढलं नाहीस. मला ते आधी कळलं असतं तर मी तुला त्या शुक्रवारी चांगली कोंडीत धरली असती. म्हटलं असतं, फिबाला तरी ते कागदावर यायला आवडलं असतं का? ते नाव तिच्या माणसांचं होतं, तिने ते मालकापासून जपून ठेवलं असेल. तू ते शोधायच्या रकान्यात कशी काय टाकतेस? तुझ्याकडे याला उत्तर असणार. मला ते माहीत नाही. हे भांडण आता असंच राहील, आणि ते मी जिंकलेलं नाही एवढं मला कळतं.

एक मात्र मी हरले, आणि हरल्याबद्दल तुझे उपकार मानते. कारकुनाच्या कानावर नाव कुठून आलं ते मला आता समजलं. मी तसंच ऐकलं. दुरून, पाठींच्या मागून, माझ्यासाठी नसलेली हाक. कोणीतरी तिला सोडत नव्हतं. कागदावर काहीही असो, तिथे मळ्यावर असं माणूस होतं, एवढं तू पहिल्यापासून म्हणत होतीस. मला पटायला तुलाच जावं लागलं, हे फार झालं.

मी तुला कधी धन्यवाद दिले नाहीत. आपल्यात ती पद्धत नव्हती. मी दिवाळीच्या करंज्या आणल्या की तू म्हणायचीस, माझ्या नाताळच्या जास्त खुसखुशीत होतात. होत्याही. पण आता म्हणते. या कारखान्यात चार महिने काढायला आलेल्या मला तू वाचायला शिकवलंस. चाळिशीला आलेल्या, डबल ग्रॅज्युएट बाईला. आता मी बँकेचा फॉर्म बघितला तरी आधी नाव वाचते. मोठ्याने. पँट्रीत आलेली मुलगी हेडफोन काढून बघते, बघू दे.

तर आता मेल. त्या बाईंनी लिहिलंय की तुझं पत्र त्यांच्या समितीपुढे ठेवलं, म्हणून उशीर झाला, क्षमस्व. दुसऱ्या नावासाठी वेगळा रकाना मंजूर आहे. शेऱ्यातल्या जुन्या नोंदी जपल्याबद्दल तुझे आभार, त्या आता तिथून हलवाव्यात. मी मेल रियाझभाईंना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "इन्शाल्ला, कल से शुरू करो." जाता जाता दारात थांबले. "मुझे घर में मुन्ना बोलते थे. उनको बताना था." मी म्हटलं, सांगते. सांगितलं.

मेलला उत्तर मीच लिहिलं, तू गेल्याचंही कळवलं. आज सकाळी पहिली नोंद हलवली ती फिबाची. आता कोणी कुठूनही व्हीनस शोधलं तर फिबा येते, आणि फिबा शोधलं तरी ती येते. तुझी अचूकताही त्यांनी दुरुस्त केलीय. तू परत पहिल्या नंबरावर आहेस.

आणि एक काम अजून होतं. तुमच्याकडे महिन्याच्या मिस्साला फोटोचं छोटं कार्ड वाटतात ना, ते लीनाने मला करायला सांगितलं. तिने मजकूर पाठवला, त्यात तुझं पासपोर्टवरचं नाव. मी सगळं मांडलं, आणि फोन करून चाचरत विचारलं, खाली घरचं नाव घालू का?

"कार्डावर? नको गं बाय. तिला आवडणार नाही."

मी बरं म्हटलं. एवढं सगळं झाल्यावरही मी बरं म्हटलं, कारण हक्क लीनाचा होता, माझा नाही. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. रात्रभर विचार करत होती म्हणाली. आता आपण गेल्यावर ते नाव माहीत असलेलं कोणी राहणार नाही, असं तिच्या लक्षात आलं. "घाल," म्हणाली. "रागावली तर माझ्यावर रागावेल. सवय आहे मला."

आज दुपारी छापायला देण्याआधी मी तिला प्रूफ फोनवर पाठवलं आणि म्हटलं, मी मोठ्याने वाचते, तुम्ही बघत राहा, ओळ जुळली की 'बरोबर' म्हणायचं. तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, चिमी लहानपणी माझ्याकडून धडे असेच घोकून घ्यायची.

मी पँट्रीशेजारच्या खोलीचं दार लावलं. तुझ्या खुर्चीवर बसले, कारण वाचणारीची जागा ती आहे. वरून खाली वाचत आले, एकही ओळ गाळली नाही. पासपोर्टवरचं नाव आलं.

"बरोबर," लीना म्हणाली.

मी चष्मा काढून पुसला आणि पुढची ओळ वाचली. जिला घरी चिमी म्हणत.

मी थांबले. घाई करायची नसते.

"बरोबर," लीना म्हणाली.